नळ्यांचा सांगाडा

चाके असलेल्या खेळण्याची परीक्षा बहुधा वेगावरून होते. किल्लीची मोटार असो की बॅटरीवरची, ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती लवकर पोहोचते यावर तिची किंमत ठरते. परंतु खेळण्यांच्या जगात अशीही एक जात आहे, जिचे सारे कौतुक तिच्या मंदगतीत आहे. तिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. दगडांवरून सरपटणारी, असा त्याचा सरळ अर्थ. हातातल्या नियंत्रकावरून रेडिओलहरींच्या साहाय्याने चालवायची, खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची ही गाडी धोंड्यापाशी येते आणि विचार करीत बसल्यासारखी थांबते. पाहणाऱ्याला वाटावे, बिघडली. चालवणारा मात्र त्या वेळी श्वास रोखून उभा असतो.

मूळ खेळ मोठ्या गाड्यांचा आणि अमेरिकेचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि रस्ता नसलेल्या जागी त्या नेण्याची हौस तिथे रुजली. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात ‘रुबिकॉन’ नावाची खडकाळ वाट आहे. १९५३ साली जीपवाल्यांचा पहिला मोठा जथा त्या वाटेने गेला. युटा राज्यातील मोआब या गावी १९६७ पासून ‘ईस्टर जीप सफारी’ भरते. सुरुवातीला ती ईस्टरच्या आदल्या दिवशीची, एका दिवसाची सहल होती. प्रायश्चित्तकाळाच्या अगदी शेवटच्या दिवशी दगड चढण्याची ही प्रथा एखाद्या भाविकाने घालून दिली असेल, असे आपल्या वाचकांना वाटले तर ते स्वाभाविक आहे. वस्तुतः ती तेथल्या व्यापारी मंडळाने सुरू केली. मोआबच्या वालुकाश्माला तिथे ‘निसरडा खडक’ म्हणतात, कारण लोखंडी नाल ठोकलेले घोडे त्यावरून घसरत. रबरी चाकाला मात्र तो खडक घट्ट धरून ठेवतो. एकाच दगडाची ही दोन चरित्रे मला फार आवडली.

पुढे जीपचे पत्र्याचे अंग दगडांना पुरेना. उत्साही लोकांनी ते उतरवून टाकले आणि पावणेदोन ते दोन इंच व्यासाच्या पोलादी नळ्या वाकवून, जोडून, नुसता पिंजराच गाडीला केला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जॉन्सन व्हॅली येथे २००७ पासून ‘किंग ऑफ द हॅमर्स’ नावाची शर्यत होते. तिथल्या गाड्या पाहिल्या म्हणजे हा पिंजरा काय असतो ते कळते. त्यांना अंग नाही, नुसता सांगाडा आहे. छोट्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी त्याच सांगाड्याची एक दशांश प्रतिकृती घरी करायला घेतली. माझ्या पडवीत जे घडले ते त्याच परंपरेतले.

मला त्यात ओढले माझ्या भाच्याने. धाकट्या बहिणीचा हा मुलगा यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत काम करून जमवलेल्या पैशांतून त्याने एक वापरलेली क्रॉलर घेतली. तिचे दोन्ही ॲक्सल, गिअरची पेटी, मोटर सारे धडधाकट होते. सांगाडा तेवढा तडकलेला. नवा परदेशातून मागवायचा तर सीमाशुल्क धरून तो त्याच्या ऐपतीबाहेर जात होता. एका रविवारी तो मोबाइलवरची चित्रे घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, हे आपल्याला घरी करता येईल?”

मी चौतीस वर्षे मुंबईच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. साचे, जिग, गेज हे माझे धंद्याचे सोबती. वसईहून निघणाऱ्या लोकलमध्ये उभ्याने जाताना डोक्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग घोळत असे. निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत मी शेगडा बसवला, कानशींची फळी लावली, आणि गावातल्या पंपांची, शिवणयंत्रांची दुरुस्ती करीत सुखात होतो. परंतु भाचा आला तेव्हा त्या पडवीला सव्वा वर्ष कुलूप होते. माझे हात कापू लागले होते.

डॉक्टरांनी त्याला ‘इसेन्शियल ट्रेमर’ असे नाव दिले. हा कंप हात स्वस्थ असताना दिसत नाही. काही करायला जावे, कप उचलावा, सुईत दोरा ओवावा, की सुरू होतो. गोळीने तो थोडा आटोक्यात येतो, जात नाही. थोड्याशा मद्यानेही तो काही वेळ कमी होतो, असे वैद्यकशास्त्रच सांगते. हे कळल्यावर माझ्या काही मित्रांना माझा हेवा वाटला. मला मात्र व्हर्नियरच्या दोन रेघा जुळवता येईनात, आणि ज्याने जन्मभर त्या रेघांवर पोट भरले त्याला याचा अर्थ काय ते इतरांना समजावून सांगणे कठीण आहे. बहिणीने मुलाला मुद्दाम धाडले असावे असा मला संशय आहे. तिला विचारले तर ती हसते, आणि आमच्या घराण्यात हसण्याला होकार समजतात.

“करता येईल,” मी म्हटले. “पण हात तुझे.”

नळी कोणती घ्यायची हा पहिला प्रश्न. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात ब्रेकची पोलादी नळी मिळते. गॅरेजवाले तिला बंडी पाईप म्हणतात. तांब्याचा मुलामा दिलेली पातळ पोलादी पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळून, भट्टीत तांबे वितळवून, ते वेढे एकजीव केलेले असतात. बाहेरचा व्यास तीन सोळांश इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर; जाडी ०.७ मिलिमीटर. दहाने गुणले की ४७.६ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या पिंजऱ्याच्या पावणेदोन आणि दोन इंचांच्या बरोबर मधले माप. भाच्याचा आग्रह भरीव सळईचा होता. भरीव ते भक्कम, हे त्याचे म्हणणे. मी त्याला हिशेब मांडायला लावला. मीटरभर भरीव सळई सुमारे १४० ग्रॅम, तेवढीच नळी ७० ग्रॅम. वाकण्याला होणारा विरोध मात्र नळीत भरीव सळईच्या तीन चतुर्थांश शिल्लक राहतो. अर्धे वजन देऊन पाऊण ताठरपणा मिळतो, कारण वाकताना ताण पडतो तो कडेला. मधला धातू बहुतांशी नुसता ओझे असतो. त्याने हिशेब दोनदा तपासला. शिक्षकांनी फळ्यावर शिकवलेले सूत्र दुकानातल्या नळीला लागू पडते, याचे त्याला जे आश्चर्य वाटले ते पाहून मला शिक्षणाविषयी बरेच काही वाटले. पण तो विषय वेगळा.

मग प्लायवूडच्या फळीवर गाडीची बाजू पूर्ण आकारात काढली. दोन ॲक्सलमधले अंतर ३१३ मिलिमीटर. ते पक्के करून बाकीच्या रेषा त्याभोवती बसवल्या. पुढच्या चाकापुढे सांगाड्याचा एकही भाग येता कामा नये, नाहीतर दगडाला चाकाऐवजी नाक लागते. पोट उंच हवे, म्हणजे दगडाच्या माथ्यावर गाडी अडकून बसत नाही. आणि उंच नको, कारण मग ती कलंडते. या दोन मागण्यांच्या भांडणात सांगाड्याचा आकार ठरतो. रेषांच्या दोन्ही अंगांनी सागाचे ठोकळे ठोकून नळी बसेल अशी खोबण केली, आणि जिथे सांधा येणार तिथे ज्योत लागू नये म्हणून लाकूड कोरून काढले. हे झाले जिग. डावी बाजू ज्या जिगवर झाली, त्यावरच उजवी व्हायची. मग दोन्ही एकसारख्या होण्यासाठी कुणाच्या नजरेवर विसंबावे लागत नाही.

जिग ही वस्तू मी आयुष्यात शेकड्यांनी केली, पण तिचा असा उपयोग मला प्रथमच झाला. कारखान्यात जिग असते ती नवख्या कामगाराचा हात चुकू नये म्हणून. इथे चुकणारा हात माझा होता. नळी ठोकळ्यांत बसली की ती हलत नाही. मग तिच्यावर ठेवलेला हात कापला तरी काय बिघडले? ठोकळे ठोकताना मी हे मनात आणले नव्हते. पहिली नळी खोबणीत दाबून बसवली आणि तिच्यावर माझी बोटे थरथरत असताना ती मात्र निश्चल पडून आहे असे दिसले, तेव्हा मी काही वेळ तसाच पाहत राहिलो.

नळी वाकवण्याआधी तिच्यात तव्यावर कोरडी केलेली बारीक वाळू ठासून भरली आणि दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारल्या. नाहीतर बाक येतो तिथे नळी चेपते. वाकवणी झाल्यावर वाळू काढून टाकली. मग आले खरे किचकट काम. एक नळी दुसरीला भिडते तिथे तिचे टोक सपाट असून चालत नाही. दुसरीच्या गोलाईवर ती मिठी मारल्यासारखी बसायला हवी. त्यासाठी टोकाला गोल कानशीने माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच पाडायची. फट राहावी ती मिलिमीटरच्या विसाव्या ते आठव्या भागाएवढी. याहून रुंद झाली तर सांधा दुबळा. हे काम माझ्याने होणे नव्हते. भाच्याला मी कानस धरायला शिकवले: पुढे जाताना ती कापते, मागे येताना उचलायची, कोपर अंगाशी, वजन खांद्यातून. पहिल्या दिवशी त्याने सात तुकडे वाया घालवले. मग मी त्याला मेणबत्ती दिली. एका नळीवर काजळी धरायची, दुसरी तिच्यावर टेकवायची. जिथे काळे लागेल तिथे अजून धातू काढायचा. आठव्या तुकड्याला काळी रेघ सबंध कमानीवर उमटली. “मामा, उजेड दिसत नाही,” तो म्हणाला. टूलरूममध्ये याहून मोठी शाबासकी नसते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

सांधा वेल्डिंगने न करता आम्ही चांदीच्या डाखाने केला. वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळतो आणि इतकी पातळ नळी अडाणी हाताखाली जळून भोक पडते. डाखात मूळ धातू तसाच राहतो. चांदी, तांबे आणि जस्त यांची काडी सुमारे ६५० ते ७५० अंशांना वितळून फटीत शिरते. नळीतले तांबे वितळते १०८५ अंशांना, तेव्हा तिचे स्वतःचे वेढे सुटण्याची भीती नाही. मात्र नळीवरचा जस्ताचा लेप आधी घासून काढावा लागतो. तो तापला की त्याच्या धुराने ताप भरतो. माझ्याकडे जुन्या काळच्या काही काड्या होत्या, त्यांत कॅडमियम होते. अशा काड्या पाण्यासारख्या वाहतात म्हणून जुने कारागीर त्यांवर खूश असत. पण त्यांचा धूर फुप्फुसांचा घात करतो. त्या भाच्याला ओळखीसाठी दाखवल्या आणि बाजूला काढल्या. आणखी एक गोष्ट पुस्तकात क्वचित सापडते. दोन्ही टोके बंद झालेल्या नळीत हवा कोंडते, तापली की फुगते, आणि वितळलेल्या डाखातून फुसकन बाहेर पडून तिथे सुईएवढे छिद्र ठेवून जाते. म्हणून प्रत्येक बंद नळीला आतल्या बाजूस, दिसणार नाही असे, एक मिलिमीटरचे भोक पाडले.

डाख देताना प्रथम सांध्याला फ्लक्स लावायचा. सोनार टाकणखार वापरतात, त्याच कुळातली ही पांढरी लापशी. तापताना ती आधी फुगते, मग बसते, आणि सहाशे अंशांच्या आसपास काचेसारखी पारदर्शक होते. तिने तसे झाले की समजायचे, वेळ जवळ आली. पोलाद मंद लाल होऊ लागते. मग काडी ज्योतीत न वितळवता तापलेल्या नळीला टेकवायची. ती वितळते आणि ज्या बाजूला उष्णता अधिक, त्या बाजूला आपोआप ओढली जाते. केशाकर्षणाने ती फटीत शिरते, सबंध कमान फिरते, आणि पलीकडच्या अंगाला चांदीची बारीक रेघ होऊन उगवते. ती रेघ दिसली की सांधा आतून भरला. गेली पन्नास वर्षे मी ही रेघ पाहतो आहे. प्रत्येक वेळी ती मला थोडी अनपेक्षितच वाटते.

ज्योत मी धरली, काडी भाच्याने. त्याला भीती होती. ती त्याने बोलून दाखवली नाही, पण त्याची नजर माझ्या मनगटावर होती. परंतु डाखाची ज्योत स्थिर ठेवायची नसतेच. ती सतत हलती हवी, जाड बाजूला अधिक, पातळ बाजूला कमी, म्हणजे उष्णता सारखी पसरते. शिकाऊ मुलांना मी वर्षानुवर्षे “हात हलता ठेव” असे ओरडून सांगत आलो. आता माझ्या हाताला ते कुणी सांगण्याची गरज उरली नव्हती. पहिला सांधा निवाला, ब्रशने घासला, आणि भाच्याने तो डोळ्यांपाशी नेऊन पाहिला. दुसऱ्या सांध्यापासून त्याची नजर काडीवर राहिली.

एकूण सेहेचाळीस सांधे झाले. एका कोपऱ्याचा दिला की पुढचा समोरच्या कोपऱ्याचा द्यायचा. एकाच अंगाने गेले तर उष्णतेने सांगाडा पिळवटतो. दोन्ही बाजू आडव्या नळ्यांनी जोडल्यावर कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. आमच्यात पाऊण मिलिमीटरचा फरक निघाला. कारखान्यात मी तो परत पाठवला असता. पडवीत चालवून घेतला.

कर्णांविषयी अजून थोडे लिहायला हवे, कारण साऱ्या सांगाड्याचे मर्म त्यांच्यात आहे. चार काठ्या चार खिळ्यांनी जोडून चौकट केली आणि एका कोपऱ्याला ढकलले, तर ती कोलमडते. तीन काठ्यांचा त्रिकोण कोलमडत नाही. त्याचा आकार बदलण्यासाठी एखादी काठी तरी मोडावी किंवा ताणावी लागते. आपल्या कौलारू घरांच्या छपराची कैची याच आधारावर उभी आहे. भाच्याला हे तोंडी पटत होते. म्हणून कर्णाच्या नळ्या बसवण्याआधी मी सांगाड्याचे मागचे टोक शेगड्यात धरले, पुढे एक आडवी पट्टी बांधून तिच्या टोकाला किलोभर वजन टांगले. टोक अकरा मिलिमीटर खाली आले. मग सहा कर्ण डाखून तोच प्रयोग केला. दोन मिलिमीटर. वजनात भर पडली होती अवघी चाळीस ग्रॅमची. भाचा बराच वेळ ते वजन लावत आणि काढत बसला होता.

ॲक्सल टांगण्यासाठी चार दांड्यांची रचना केली. खालच्या दोन सरळ, वरच्या दोन तिरक्या. त्या तिरपेमुळेच ॲक्सल डावीउजवीकडे सरकत नाही. टायरांत हवा नसते, स्पंज असतो. एका ॲक्सलची दोन्ही चाके एकमेकांशी जखडलेली, म्हणजे एक अधांतरी गेले तरी दुसरे ओढत राहते. मोटरला वेढे जास्त, त्यामुळे वेग कमी आणि सुरुवात हळुवार. हे सारे तयारच होते, आम्ही फक्त जागच्या जागी बसवले. मग गाडी फळीवर आडवी ठेवून फळी एका अंगाने उचलत गेलो. ४७ अंशांना ती कलंडली. बॅटरी खाली आणली, चाकांत पितळेची वजने घातली, ५० अंश. वजन वाढवून गाडी चढाईला अधिक लायक होते, हे ऐकायला विचित्र वाटते. पण ते वजन चाकांत, जमिनीलगत असले तर.

आमच्या किनाऱ्यावर समुद्राने जमीन खाऊ नये म्हणून काळ्या दगडांचा बंधारा घातला आहे. मोआबचा वालुकाश्म कुठे आणि हा सह्याद्रीचा काळा पाषाण कुठे! याच्या कडा धारदार, आणि भरतीचे पाणी पोहोचते तिथे शेवाळ. आम्ही ओहोटी पाहून गेलो आणि वरच्या, कोरड्या दगडांवर गाडी ठेवली. आधी भाच्याने चालवली. मग नियंत्रक माझ्या हाती दिला.

या नियंत्रकाला एक छोटे चाक असते; ते बोटांनी फिरवले की गाडीची पुढची चाके वळतात. मी ते धरले आणि पाच हातांवर दगडावर उभ्या असलेल्या गाडीची पुढची चाके थरथरू लागली. माझा कंप मला आजवर कपात दिसला होता, सहीत दिसला होता. असा दूर, माझ्यापासून सुटून, दगडावर उभा असलेला कधी दिसला नव्हता. बंधाऱ्यावर मासे सुकवणाऱ्या दोन बायका पाहत होत्या. मी नियंत्रक परत करणार होतो.

भाच्याने तो घेतला, पडद्यावर काहीतरी बदलले आणि पुन्हा माझ्या हातात ठेवला. या यंत्रात अशी सोय असते की चाक मध्यावर थोडेसे हलले तर गाडीने त्याची फारशी दखल घेऊ नये. मोठे वळण मात्र पुरेपूर घ्यावे. जोरात चालवणारे लोक ती सोय सरळ रेषेत धावण्यासाठी वापरतात. “आता बघा,” एवढेच तो म्हणाला. बोटे तशीच कापत होती. पुढची चाके शांत होती.

तिसऱ्या दगडाला टाचेएवढी खोबण होती. डावे चाक तिच्यात गेले, रबर दगडावर पसरले, सांगाडा एका अंगाला कलला आणि मागचे उजवे चाक अधांतरी झाले. मी बोट सैल केले. मोटरनेच गाडी जागी धरून ठेवली. भाचा काही बोलला नाही. बोट पुन्हा दाबले, अर्धा इंच. पुन्हा अर्धा इंच. पोटाची नळी दगडाला घासल्याचा आवाज आला, आणि गाडी वर आली.

घरी आल्यावर तो ओरखडा पाहिला. रंग निघून पोलाद उघडे पडले होते, आणि खाऱ्या वाऱ्यात उघडे पोलाद आठवडाभरही तग धरीत नाही. भाचा शनिवारी येणार आहे. आता सांगाडा सारा घासून पुन्हा रंगवायचा आहे, आणि या वेळी हवेच्या भोकांतून आत थोडे तेल सोडायचे आहे. कानशी त्याने घासून फळीवर क्रमाने लावून ठेवल्या आहेत. पडवीचे कुलूप कुठे ठेवले ते मात्र कुणालाच आठवत नाही.